गर्दी नको, बोटं दाखवा

मोठ्या पॉप कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण झालं की दुसऱ्या दिवशी एक निकाल ठरलेला असतो: ‘अरे, ही टीव्हीवर बघायची गोष्टच नाही. तिथं असायला हवं.’ निकाल देणारा बहुतेक वेळा तिथं जाऊन आलेला असतो, नाहीतर जाऊन आलेल्या कुणाचं तरी ऐकून आलेला असतो. २६ जानेवारी २०२५ ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममधून कोल्डप्लेचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. तेव्हा हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून कानावर आलं की कुणी ते छापून वाटलंय की काय, अशी शंका आली. त्याच्या आधीच्या आठवड्यात हाच बँड नव्या मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजवून गेला होता. त्या तिकिटांसाठी सप्टेंबरात संकेतस्थळावर लागलेली रांग लाखांत मोजली जात होती. अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, आणि बाहेरचा भाव विचारूच नये असा. ज्यांना तिकीट मिळालं त्यांनी न मिळालेल्यांना ‘घरी बसून बघण्यात काही अर्थ नाही’ असं ऐकवावं, यात थोडा निर्दयपणा आहे. पण माणूस निर्दय आहे म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. ते दुसऱ्याच कारणानं खोटं आहे.

कॉन्सर्ट टीव्हीवर फसते, हे मला मान्य आहे. बहुतेक वेळा फसतेच. ती फसण्याचं जे कारण सांगितलं जातं ते मला मान्य नाही. ‘तिथं असणं’ कॅमेऱ्यात सापडत नाही म्हणून ती फसते, असं म्हणतात. मी म्हणतो, टीव्हीवाले रात्रभर त्या न सापडणाऱ्या गोष्टीच्याच मागं धावत राहतात आणि जे सहज सापडण्यासारखं असतं ते हातचं घालवतात, म्हणून ती फसते.

जे येत नाही त्याची यादी करून टाकू, म्हणजे वाद नको. छातीत घुमणारा बास घरी येत नाही. हल्लीच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर मागे नाहीतर खाली तोंड करून बसलेले असतात, त्यांना तो झेपणारच नाही. अनोळखी हजारो माणसांबरोबर एकच ओळ गाताना अंगावर येणारा काटा येत नाही. घाम, धूळ, परतीच्या लोकलची धास्ती यातलं काही येत नाही. हे सगळं खरं, आणि ते कुठल्याही तंत्रानं येणार नाही. पण एवढं मान्य केलं म्हणजे मैदानात बसलेल्याला संगीत जास्त मिळालं, हे आपोआप सिद्ध होत नाही.

१५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला सुमारे ५५,६०० माणसं जमली होती. ‘तिथं असण्या’चं यापेक्षा मोठं उदाहरण शोधून सापडायचं नाही. पण तिथल्या लोकांनी ऐकलं काय? बँडकडे शंभर वॉटचे अँप्लिफायर, आणि आवाज पोचवायला बेसबॉलच्या सामन्यात सूचना देण्यासाठी बसवलेली मैदानाची ध्वनिव्यवस्था. वरून हजारो मुलींच्या किंकाळ्या. चित्रीकरणात कानांवर हात ठेवून उभे असलेले पोलीस दिसतात. मंचावरच्या चौघांनाही आपण काय वाजवतोय ते धड ऐकू येत नव्हतं. पुढे जानेवारी १९६६ मध्ये बीटल्स लंडनच्या एका स्टुडिओत गेले आणि टीव्हीसाठीच्या चित्रपटाकरिता त्यातले बरेच भाग त्यांनी नव्यानं वाजवले. एका गाण्याच्या जागी तर सरळ तबकडीवरचं ध्वनिमुद्रण चिकटवलं गेलं. बीबीसीनं तो चित्रपट मार्चमध्ये दाखवला. म्हणजे जे हजर होते त्यांना गाणी ऐकू आली नाहीत, आणि ज्यांना घरी ऐकू आली त्यांनी त्या रात्री न वाजलेलं काहीतरी ऐकलं. यातला अस्सल अनुभव कुणाचा, हे शुद्धतावाद्यांनीच सांगावं. मला विचाराल तर संगीताचा अनुभव म्हणून दोघेही सारखेच फसवले गेले. मैदानातल्यांना निदान किंचाळायला मिळालं.

‘ती जुनी गोष्ट, आता ध्वनिव्यवस्था सुधारली,’ असं कुणी म्हणेल. सुधारली, खूपच सुधारली. पण आजच्या मोठ्या मैदानात मागच्या रांगेतला माणूस बघतो काय, तेही पाहू. मंचावरचा गायक त्याला नखाएवढा दिसतो. त्याची नजर असते मंचाच्या दोन्ही बाजूंच्या अवाढव्य पडद्यांवर. त्या पडद्यांवर जे दिसतं ते कुणीतरी मंचामागे बसून, आठ-दहा कॅमेऱ्यांतून निवडून, जोडून दाखवत असतो. मंचापासून शंभर मीटरवर उभ्या माणसापर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. म्हणून मागचे स्पीकर मुद्दाम तेवढ्या उशिरानं वाजवतात, आणि ओठ आणि आवाज जुळावेत म्हणून पडद्यावरचं चित्रही बऱ्याचदा थोडं उशिरा सोडतात. दिग्दर्शक, कॅमेरे, जोडलेली चित्रं, मुद्दाम लांबवलेला वेळ: हे प्रक्षेपणच झालं. फक्त ते उभ्यानं बघायचं. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा असतो आणि त्याचा रंग दुरून नियंत्रित होतो. पट्टा घातलेल्याला दिसतात आजूबाजूचे काही दिवे. मैदानभर उसळणारी रंगाची लाट वरच्या सज्जातल्यांना बरीचशी दिसते आणि उंचावरच्या कॅमेऱ्याला पुरती. जे दृश्य त्या गर्दीच्या हातांनी बनतं ते गर्दीच्या मधोमध उभ्या माणसाला दिसतच नाही, आणि तोच माणूस आपल्याला सांगतो की तुम्ही काही बघितलंच नाही.

काही कार्यक्रमांत तर हजर असलेली माणसं टीव्हीच्या सोयीसाठी बोलावलेली होती. १४ जानेवारी १९७३ ला एल्विस प्रेस्लीनं होनोलुलूत गायला सुरुवात केली तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. इतक्या अवेळी का? तर जपानमध्ये तेव्हा संध्याकाळ होती आणि उपग्रहावरून कार्यक्रम तिकडे जायचा होता. सभागृहातले प्रेक्षक तोकियोच्या घड्याळाप्रमाणे जागे होते. प्रेक्षक घरी गेल्यावर रिकाम्या सभागृहात एल्विसनं आणखी काही गाणी गायली, अमेरिकेतल्या एप्रिलच्या प्रक्षेपणात घालायला. ती गाणी तिथं असलेल्या एकाही प्रेक्षकानं ऐकली नाहीत.

पण या वादातला माझा सर्वांत भक्कम साक्षीदार १३ जुलै १९८५ चा ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा कार्यक्रम आहे. विरोधी बाजूही नेमका त्याचाच दाखला देते, म्हणून तिथं जरा थांबायला हवं. वेम्बली स्टेडियमवर सुमारे ७२,००० माणसं होती. त्या दिवशी क्वीननं जे एकवीस मिनिटं केलं ते ‘तिथं असलेल्यांनाच कळलं’ असं म्हणतात. तसं असतं तर आज पन्नाशी-साठीतली वेम्बलीची माणसंच त्याबद्दल बोलत बसली असती. त्याची दंतकथा केली ती टीव्हीनं, आणि त्याला कारणंही साधी आहेत. क्वीन आले तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजत आले होते, जुलै महिना, लंडनमध्ये अजून लख्ख उजेड. दिव्यांचा खेळ नाही, धूर नाही, नेपथ्य नाही. प्रत्येक बँडला मिळालेला तोच उघडा मंच. म्हणजे चेहरा, हात, घामानं भिजलेली बनियन, सगळं कॅमेऱ्याला स्वच्छ दिसत होतं. आणि फ्रेडी मर्क्युरी हा मंचावरच्या कॅमेरामनला चुकवून जाणारा गायक नव्हता. त्या दिवशी तो त्याच्यापाशी जाऊन त्याच्याशी खेळत होता, भिंगात बघून गात होता. समोर बहात्तर हजार असताना त्याला कळत होतं की खरी गर्दी त्या भिंगाच्या पलीकडे आहे.

त्याच दिवशी यू-टूचं जे झालं ते तर आणखी नेमकं आहे. त्यांना तीन गाणी वाजवायची होती. दुसरं गाणं चालू असताना बोनो मंचावरून खाली उतरला, कठड्यापाशी आला, गर्दीतली एक मुलगी बाहेर काढवली आणि तिच्याबरोबर क्षणभर नाचला. गाणं बाराएक मिनिटं लांबलं, तिसरं गाणं राहूनच गेलं. मंचावर बाकीचे तिघे तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत उभे. गायक कुठं गेला ते त्यांना दिसत नव्हतं. कार्यक्रम आपण घालवला अशीच समजूत करून घेऊन ते परतले. स्टेडियममध्ये मागे असलेल्यांनाही मंचाच्या कडेखाली काय चाललंय ते नुसत्या डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. ते दिसलं कॅमेऱ्याला, आणि म्हणून जगभरच्या घरांना. यू-टूला मोठं करणाऱ्या क्षणांत तो धरला जातो. तर मग त्या क्षणी ‘तिथं’ कोण होतं? ढोलवाला होता, पण त्याला दिसलं नाही. चाळिसाव्या रांगेतला होता, त्यालाही नाही. दिवाणखान्यातल्याला दिसलं.

(याच दिवसानं उलटी बाजूही दाखवली, तेही सांगतो. पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला आणि पहिली दोनएक मिनिटं त्याचा मायक्रोफोन बंद. मिक जॅगर आणि डेव्हिड बोवी यांनी समुद्राच्या दोन बाजूंनी एकत्र गायचा बेत केला होता, पण उपग्रहामुळे आवाजाला लागणारा उशीर आडवा आला, आणि शेवटी आधी चित्रित केलेला व्हिडिओ दाखवावा लागला. टीव्ही सर्वशक्तिमान आहे, असं माझं म्हणणंच नाही.)

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण माझं खरं भांडण तिकडे आहे. हाती इतकं असताना टीव्हीवाले करतात काय? कुठल्याही मोठ्या महोत्सवाचं प्रक्षेपण लावा आणि घड्याळ समोर ठेवा. एक चित्र तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टिकलं तर माझ्याकडून चहा. गायकाचा चेहरा, लगेच गर्दीवरून सरसरत जाणारा क्रेनवरचा कॅमेरा, ढोलवाला, पुन्हा गर्दी, मित्राच्या खांद्यावर बसलेली मुलगी, झेंडे, वरून मैदान, गायकाची पाठ. गिटारचा एकल तुकडा सुरू झाला की हमखास गायक पाणी पिताना दिसतो. गिटारकडे कॅमेरा वळतो तोवर तुकडा संपलेला असतो आणि वादक हात खाली सोडून उभा. ही चूक एखाद्या दिग्दर्शकाची नाही, हा सवयीचा आजार आहे, आणि पैसा ओतल्यानं तो बरा होत नाही. उलट जितके कॅमेरे जास्त तितकी कापाकापी जास्त, कारण भाड्यानं आणलेला प्रत्येक कॅमेरा वापरून दाखवायचा असतो.

क्रिकेट बघा. मैदानावर जाऊन बघण्याची मजा वेगळी, हे आपल्याकडे सगळ्यांना मान्य आहे, तरी ‘क्रिकेट टीव्हीवर बघायची गोष्टच नाही’ असं कुणी म्हणत नाही. वानखेडेच्या वरच्या सज्जातून चेंडूची शिवण दिसत नाही, टीव्हीवर दिसते. फिरकी गोलंदाजाचं मनगट, फलंदाजाच्या डोळ्यांतला गोंधळ, हे टीव्हीचं देणं आहे. आणि क्रिकेट दाखवणारा दिग्दर्शक कितीही उतावळा असला तरी चेंडू हवेत असताना प्रेक्षकांतल्या गालावर तिरंगा रंगवलेल्या पोराकडे कॅमेरा वळवत नाही. तो दोन चेंडूंच्या मध्ये वळवतो. खेळ कुठं चाललाय हे त्याला माहीत असतं. पॉप कार्यक्रम दाखवणाऱ्याला मात्र चेंडू कुठं आहे तेच ठाऊक नसतं, किंवा असूनही भीती वाटते की तेवढ्यानं लोक थांबणार नाहीत.

ही गर्दी दाखवण्याची खोड कुठून आली, त्याचा माग काढता येतो. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स आले. स्टुडिओत सातशेच्या आसपास माणसं, आणि घरोघरी सुमारे ७ कोटी ३० लाख. त्या दिवशी दिग्दर्शकानं दोन गोष्टी केल्या. एका संथ गाण्यात एकेकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवून खाली नाव दाखवलं. अमेरिकेला ते चौघे वेगवेगळे ओळखू यायला लागले ते तिथून. आणि दुसरं, किंचाळणाऱ्या, केस ओढणाऱ्या मुली पुन्हा पुन्हा दाखवल्या. तेव्हा ती बातमी होती. अमेरिकन घरांनी आपल्या पोरींना असं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे गर्दी हाच अर्धा कार्यक्रम होता. दिग्दर्शकांच्या पुढच्या पिढ्यांनी यातली दुसरी गोष्ट उचलली आणि पहिली सोडून दिली. साठ वर्षांनंतर गर्दीत किंचाळणारी मुलगी ही बातमी राहिलेली नाही, पण दर मिनिटाला ती दिसते, कारण गेल्या वर्षी दिसली होती.

असं कशाला करतात, तेही उघड आहे. घरच्या माणसाला ‘बघ, तू काय घालवलंस’ हे दाखवलं की पुढच्या वर्षीची तिकिटं विकली जातात. म्हणजे प्रक्षेपण ही त्या कार्यक्रमाची जाहिरात होते, आणि जाहिरातीत गाणं ऐकवायचं नसतं, गाण्याभोवतीचा आनंद दाखवायचा असतो. मग ते बघून घरच्याला वाटतं की आपण मेजवानीच्या दाराबाहेर उभे आहोत. शुद्धतावादी म्हणतात, ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ त्यांचं आणि या दिग्दर्शकांचं मुळात एकमत आहे: कॉन्सर्ट म्हणजे गर्दी. दोघेही मंचाकडे पाठ करून उभे आहेत.

दुसरा मार्ग होता आणि आहे, हे सांगायला माझ्याकडे स्टीव्ह बाइंडर नावाच्या दिग्दर्शकाची दोन कामं आहेत. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यानं सांता मोनिकाच्या सभागृहात ‘टी.ए.एम.आय. शो’ टीव्हीच्या पद्धतीनं, अनेक कॅमेरे जागच्या जागी जोडत चित्रित केला. पुढे तो चित्रपटगृहांत दाखवला गेला. त्यातला जेम्स ब्राउन बघा. चेहऱ्याच्या जवळ घुसण्याचा मोह आवरून कॅमेरा वारंवार इतका लांब राहतो की त्याचे पाय दिसत राहतात, आणि ब्राउनचं निम्मं संगीत पायांत होतं. त्यानंतर चार वर्षांनी, जून १९६८ मध्ये, याच बाइंडरनं एनबीसीच्या बरबँकच्या स्टुडिओत एल्विसला काळ्या चामड्याच्या कपड्यांत एका लहान चौकोनी मंचावर बसवलं, बॉक्सिंगच्या रिंगणाएवढ्या. शेजारी त्याचे जुने साथीदार, त्यांतला ढोलवाला गिटारच्या पेटीवर ताल धरतोय. प्रेक्षक मंचाच्या चारी कडांना टेकून बसलेले. त्यामुळे गर्दी दाखवायला वेगळं चित्र लागतच नव्हतं. एल्विसकडे कॅमेरा धरला की त्याच्या खांद्यामागे ऐकणारे चेहरे आपोआप यायचे. गर्दी दिसत होती आणि गाणं तुटत नव्हतं. ३ डिसेंबर १९६८ ला ते दाखवलं गेलं आणि संपला म्हणून सोडून दिलेला माणूस पुन्हा उभा राहिला. हा कार्यक्रम तिथं असलेल्या मूठभर लोकांसाठी होता, असं कोण म्हणेल?

गंमत अशी की याच एल्विसला टीव्हीनं त्याआधी कापलंही होतं. जानेवारी १९५७ मध्ये सुलिव्हनच्या कार्यक्रमात तो फक्त कंबरेच्या वर दाखवला गेला. स्टुडिओतल्यांना कंबर दिसली, घरी दिसली नाही. हा एक दाखला मी विरोधी पक्षाला देऊन टाकतो. पण तिथंही दोष कॅमेऱ्याचा नव्हता, कॅमेरा कुठवर धरायचा ते ठरवणाऱ्याचा होता.

‘एमटीव्ही अनप्लग्ड’मध्ये निर्वाणा या बँडनं नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत केलेला कार्यक्रम माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा कळस आहे. पांढऱ्या लिली, मेणबत्त्या, बसून वाजवणारा बँड. शेवटच्या गाण्यात, शेवटच्या शब्दांच्या आधी, गायक कर्ट कोबेन श्वास घेण्यासाठी थांबतो आणि डोळे उघडतो. तेवढंच. कॅमेरा तिथं होता, जवळ होता आणि हलला नाही. पाचव्या ओळीत बसलेल्यालाही ते डोळे तसे दिसले नसणार. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला, म्हणून आपण त्या नजरेत नंतरचं बरंच काही भरतो हे खरं. पण भरायला ती नजर हाती राहिली, कारण त्या क्षणी कुणाला प्रेक्षकांच्या टाळ्या दाखवायची घाई झाली नाही.

आवाजाबद्दल मात्र विरोधकांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. टीव्हीवर चांगले गायक बेसूर वाटतात, ही तक्रार खरी आहे. मंचावरच्या प्रत्येक मायक्रोफोनचा आवाज तीन वाटांनी जातो: मैदानाच्या ध्वनियोजकाकडे, कलाकारांच्या कानांतल्या मॉनिटरकडे आणि बाहेर उभ्या प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनकडे. मैदानात त्या आवाजावर हवेचं, भिंतींचं, हजारो माणसांच्या गाण्याचं पांघरूण पडतं आणि गायकाचा निसटलेला सूर त्यात झाकला जातो. व्हॅनमध्ये पोचतो तो ओठांपासून दोन बोटांवरचा कोरडा आवाज. तो तसाच घरी पाठवला की प्रत्येक धाप, प्रत्येक घसरलेला सूर उघडा पडतो. त्यावर पांघरूण घालायला गर्दीचे मायक्रोफोन असतात. पण ते मंचापासून दूर, त्यांच्यात स्पीकरमधून उशिरा आलेला तोच आवाज पुन्हा शिरतो. वेळ जुळवून न घेता वाढवले तर सगळा चिखल, म्हणून घाईतला साउंडवाला ते बंदच करून टाकतो. मग घरी ऐकू येतं ते एखाद्या बंद खोलीतलं गाणं, आणि वर दिसते लाखभर माणसांची गर्दी. डोळे सांगतात मैदान, कान सांगतात न्हाणीघर. ‘यात जीव नाही’ असं माणूस म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला हेच जाणवलेलं असतं.

पण हे काम करता येणारं आहे. ग्लास्टनबरी महोत्सव बीबीसी १९९७ पासून दाखवते आणि तिथल्या चांगल्या रात्री ऐकल्या की फरक कळतो. जून २०२३ मध्ये एल्टन जॉन तिथं गायला, तो सत्तर लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. पियानोशी बसलेला माणूस हा कॅमेऱ्याच्या दृष्टीनं सुखाचा कलाकार. तो पळत नाही, त्याचे हात आणि चेहरा एकाच चित्रात येतात. पिरॅमिड मंचापुढच्या गर्दीत मागे उभ्या माणसाला तो दिसत होता की नाही देव जाणे, झेंडेच इतके होते.

‘थेट’ या शब्दाचा पावित्र्यभंग, हा तिसरा आक्षेप. याला मी फार वेळ देणार नाही. हो, लबाड्या होतात. २०१४ च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉल सामन्यात रेड हॉट चिली पेपर्सची गिटार आणि बास कशालाच जोडलेली नव्हती. गाणारा खरा गात होता, वाद्यं आधी मुद्रित होती. बँडचा बासवादक फ्ली यानं नंतर ते स्वतः लिहून मान्य केलं, आणि कारणही सांगितलं: मध्यंतरात काही मिनिटांत मंच उभा करायचा, तिथं जोडण्या तपासायला वेळच नसतो. पण ही फसवणूक स्टेडियममध्ये बसलेल्यांचीही झाली. त्यांच्या कानांवर तीच मुद्रित वाद्यं पडत होती. उलट बियॉन्सेनं एप्रिल २०१८ च्या कोचेला महोत्सवाच्या दोन आठवड्यांतले दोन कार्यक्रम जोडून ‘होमकमिंग’ केला तेव्हा पहिल्या आठवड्याचा पिवळा आणि दुसऱ्याचा गुलाबी पोशाख एकाच नाचात, एका पावलावरून दुसऱ्यावर उडी मारताना बदलतो. जोड लपवलेला नाही, मिरवलेला आहे. अशा कामाला ‘खोटं’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

राहिले ते कलाकार, जे स्वतःच प्रक्षेपणाला नकार देतात. शुद्धतावाद्यांना हे साक्षीदार फार आवडतात. रोलिंग स्टोन्सनी जून २०१३ मध्ये ग्लास्टनबरीत पूर्ण कार्यक्रम दाखवू दिला नाही, साधारण तासाभराचाच भाग प्रक्षेपित झाला. ‘बघा, त्यांनाही कळतं की हे तिथल्यांसाठीच असतं!’ पुढच्या महिन्यात याच स्टोन्सनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये कार्यक्रम केले आणि नोव्हेंबरात त्यांची डीव्हीडी बाजारात आली. घरी बसून बघायला त्यांची हरकत नव्हती, फुकट बघायला होती. धंदा म्हणून ते ठीकच आहे, पण त्याला तत्त्वज्ञान म्हणू नये. २०२५ मध्ये नील यंगनं आधी आपला ग्लास्टनबरीतला कार्यक्रम दाखवायला नकार दिला आणि ऐन वेळी तो मागे घेतला. त्याच्यासारख्या हट्टी माणसाचा नकार मी तरी मनापासूनचा मानतो. तरी तो शेवटी दाखवला गेला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

तांत्रिक सबब आता कुणाकडेच उरलेली नाही. पूर्वी एक वाहिनी, एक चित्र, त्यामुळे दिग्दर्शकाला सगळ्यांच्या वतीनं निवडावं लागायचं. आज यूट्यूबवर कोचेला बघताना चार वेगवेगळे मंच एकाच पडद्यावर चार चौकोनांत लावता येतात. ज्या कंपन्यांना हे जमतं त्यांना एकाच मंचाचा, न कापलेला, पुढच्या रांगेच्या उंचीवरचा एक कॅमेरा वेगळा देता येणार नाही? आणखी एक फक्त गिटारच्या पट्टीवर रोखलेला? माझ्या पुतण्यासारखी पोरं, जी तोच तुकडा वीस वेळा मागे नेऊन बोटं कुठं पडतात ते शोधत असतात, ती पैसे मोजून बघतील. तो चौकोन अजून कुणी दिलेला माझ्या पाहण्यात नाही. चार मंचांची गर्दी मात्र एकदम दिसते.